‘फोटो लई झालेत की ओ!’ : परदेशप्रवास घरच्यांना कसा दाखवावा

निवृत्तीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदा इंग्लंडला मुलीकडे गेलो, तेव्हा ह्यांनी एकवीस दिवसांत दोन हजार तीनशे फोटो काढले. त्यातले निम्मे तरी जसे काढले तसे नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले. पाचव्या दिवशी धाकट्या दिरांचा सोलापुराहून फोन आला, "वहिनी, फोटो लई झालेत की ओ! माझा फोन भरला. दादाला जरा आवरा." हे दिवसभर गप्प होते. पण दीर खोटं बोलत नव्हते. पुढे जपानला जाताना आम्ही सगळी पद्धतच बदलली. ती अशी.

निघण्याआधी

घरच्या ग्रुपवर बारसं, तेराव्याचा निरोप आणि ‘शुभ सकाळ’ची फुलं अशी सगळी गर्दी असते. त्यात प्रवास घुसडू नका. वेगळा ग्रुप करा आणि ज्यांना खरंच बघायचंय त्यांनाच विचारून घ्या. आमच्याकडे सत्तावीस जण आले, अकरा जणांनी ‘नंतर घरी येऊन बघतो’ म्हणून सांगितलं. वाईट वाटून घेऊ नका, त्या अकरा जणांचं काय करायचं ते पुढे येतंच.

दोघांच्याही फोनमधली तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. इंग्लंडात माझा फोन भारतीय वेळेवरच राहिला होता. नंतर दोघांचे फोटो एकत्र केले, तर दुपारी बघितलेला किल्ला रात्रीच्या जेवणानंतर यायला लागला. ते निस्तरायला दोन दिवस गेले.

गूगल फोटोजमध्ये १५ जीबी जागा फुकट मिळते, पण तीच जागा ईमेललाही लागते आणि व्हिडिओ ती भराभर खातात. जायच्या आधी जुनं काढून टाका आणि बॅकअप फक्त वायफायवर होईल असं सेटिंग करा. रोमिंगच्या डेटावर बॅकअप सुरू झाला, तर बिल बघून घेरी येईल.

एक कडक नियम. बोर्डिंग पासचा आणि पासपोर्टचा फोटो कुठेही टाकायचा नाही. ‘आम्ही निघालो, घर महिनाभर बंद’ हे फेसबुकवर जाहीर करणं म्हणजे चोराला पत्रिका धाडणं. किल्ली कुणाकडे आहे हे शेजारणीला ठाऊक असलं म्हणजे झालं.

घड्याळ बघून पाठवा

ब्रिटन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. दिवसभर फिरून संध्याकाळी साडेसातला तुम्ही फोटो पाठवायला बसलात, की सोलापुरात रात्रीचे बारा वाजलेले असतात आणि उशाशी फोन ठेवून झोपणारी आत्या दचकून उठते. त्यापेक्षा सकाळी आठला, न्याहारीच्या टेबलावरून आदल्या दिवसाचं पाठवा. इथे साडेबारा झालेले असतात, जेवणाआधी निवांत बघणं होतं. जपान साडेतीन तास पुढे. तिथून रात्री नऊला पाठवलं, की इथे साडेपाचचा चहा.

दुबईला जाणार असाल तर घरी आधीच सांगून ठेवा, व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल सहसा लागत नाही. चीनमध्ये तिथल्या वायफायवर व्हॉट्सॲपही नाही आणि गूगलही नाही. दोन दिवस निरोप आला नाही की इकडे सिद्धेश्वराला नवस सुरू होतात. (चीनला गेलातच, तर शिजियाझुआंगला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. आपल्या सोलापूरचा डॉक्टर १९३८ साली तिकडे गेला आणि १९४२ साली तिथेच वारला. तिथला एक फोटो भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकापर्यंत पोचेल, बघा.)

रोज एकच, आणि कुणाचं तरी नाव घेऊन

हे सगळ्यात महत्त्वाचं. दिवसाला ग्रुपवर एकच फोटो. ह्यांनी लगेच विचारलं, "मग बाकीचे काढायचेच नाहीत का?" काढा की, हजार काढा. पाठवताना मात्र एक. त्याखाली ‘आज अमुक पाहिले, खूप सुंदर’ असं लिहू नका, ते कुणीच वाचत नाही. काय खाल्लं, केवढ्याला पडलं, कुठे फजिती झाली ते लिहा.

बाकीचं ज्याचं त्याला. निघण्याआधी मी वहीत दहा-बारा नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याला कशात गोडी आहे ते. भाचा रेल्वेत, त्याला स्टेशनं. मैत्रिणीला बागेचं वेड, तिला फुलं. नातवाला नाणी. इंग्लंडचं ५० पेन्सचं नाणं सात बाजूंचं असतं, ते बघून पोरगं वेडं झालं.

याचा धडा मला पहिल्याच प्रवासात मिळाला होता. मँचेस्टरजवळ स्टायल गावात क्वारी बँक नावाची १७८४ सालची सूतगिरणी जपून ठेवली आहे, आणि तिथे जुने माग चालवून दाखवतात. आपल्या सोलापूरची ‘जुनी मिल’ १८७७ सालची, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटी. आमच्या गल्लीत एक काका आहेत, सगळी हयात मागावर गेली. आता दिसत कमी. त्यांना फोटो पाठवून काय उपयोग? मागाच्या जवळ उभी राहून मी चाळीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्यांच्या सुनेच्या फोनवर पाठवला. तासाभरात काकांचा उलट आवाज आला, "ताई, त्यांना सांगा, धोटा घासतोय. तेल मागतोय तो." (धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो.)

मग मी त्यांना कळवलं, की तिथल्या विणकर बायका खडखडाटात एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या. काका म्हणाले, आम्ही हातांनी बोलायचो. त्या दिवसाचे ह्यांचे एकशे ऐंशी फोटो आहेत. त्यातला एकही कुणाला आठवत नाही.

तेव्हा आवाज रेकॉर्ड करा. बाजारातला, स्टेशनवरच्या घोषणेचा, देवळातल्या घंटेचा. तीस-चाळीस सेकंद पुरे. आपण मध्ये बोलायचं नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांना पोस्टकार्ड. पत्ता ठळक अक्षरात, शेवटी इंडिया हा शब्द इंग्रजीत मोठा आणि पिनकोड न विसरता. मजकूर बिनधास्त मराठीत लिहा. कधी कधी कार्ड आपल्यामागून येतं. क्योटोहून धाडलेलं माझं कार्ड आत्याला मिळालं, तेव्हा मी तिच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होते.

परत आल्यावर : एक संध्याकाळ, चाळीस फोटो

आता ते अकरा जण. आल्या आल्या बोलावू नका, पंधरा दिवस जाऊ द्या. तेवढ्यात फोटो निवडा. आधी हललेले आणि दुबार काढून टाका. मग दोघांनी वेगवेगळे चाळीस-चाळीस निवडा आणि भांडून चाळीसवर या. भांडण होतंच. ह्यांना इमारती हव्या असतात, मला माणसं.

फोटो पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावणं सगळ्यात सोपं. आयफोनवाल्यांनी मात्र जपून. त्याचे फोटो ‘एचईआयसी’ प्रकारचे असतात आणि पुष्कळ टीव्हींवर ते उघडतच नाहीत. प्रवासाआधीच सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडून ठेवा. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी एकदा लावून बघा. पाहुण्यांसमोर रिमोट शोधत बसण्यासारखी दुसरी लाज नाही.

पाऊण तासापेक्षा जास्त लांबवू नका. मध्येच थांबून एखादी वस्तू हातोहात फिरवा : तिकीट, नाणं, हॉटेलातलं कागदी पाकीट. आणि खायला परदेशी चॉकलेटवर भागवू नका. ती मुलांना. मोठ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. तोंडात भाकरी असली की माणसं शांत बघतात, आणि भाकरी संपली की प्रश्न विचारतात.

ज्याला जो फोटो आवडला तो त्याला दुसऱ्या दिवशी द्या. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर आकसतो. प्रिंट काढायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

आत्यासाठी मी चार बाय सहाच्या बारा प्रिंट काढल्या. मागे बॉलपेनने कोण, कुठे, कधी ते लिहिलं. ती दुपारी चष्मा लावून आधी मागची बाजू वाचते, मग फोटो बघते.