विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही? आधी ड्रायव्हर द्या

भाचीचा लॅपटॉप. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-५, ५१२ जीबीची एसएसडी (हीच त्यातली डिस्क). जुनं विंडोज रडतखडत चालायचं, म्हणून सगळं काढून कोरं विंडोज ११ टाकायला बसलो. पेनड्राइव्हवरून बूट झालं, भाषा निवडली, अटी मान्य केल्या, आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पडद्यावर यादी रिकामी! वर सूचना: एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर हवा असेल तर 'लोड ड्रायव्हर' दाबा. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखाद्या भागाशी बोलता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर.)

"मामा, डिस्क उडाली का?"

उडाली असती तर दहा मिनिटांपूर्वी त्याच डिस्कवरून विंडोज कसं चालत होतं? या घोटाळ्यात घाबरून नवी एसएसडी विकत घेणारे लोक मी पाहिलेत. तीही बसवल्यावर दिसत नाही, तेव्हा कुठे खरा प्रकार लक्षात येतो.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या आतच व्हीएमडी नावाचा एक कंट्रोलर चालू असतो. एसएसडी थेट विंडोजसमोर येत नाही, त्याच्या आड राहते. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखंच म्हणा ना: माणूस घरात आहे, पण वॉचमनशी ओळख नसेल तर तुम्ही रस्त्यावरच. या वॉचमनशी बोलणारा ड्रायव्हर कंपनीने कारखान्यात टाकलेल्या विंडोजमध्ये असतो, मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेल्या कोऱ्या विंडोजमध्ये सहसा नसतो. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपवर ही अडचण क्वचितच येते.

आधी खात्री करा

त्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कीसुद्धा धरावी लागते. काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत डिस्कपार्ट टाइप करून एंटर, मग लिस्ट डिस्क. आमच्याकडे एकच ओळ आली: १४ जीबी. तो आमचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह. ५१२ ची एसएसडी दिसली असती तर ४७६ जीबी अशी दिसली असती.

आता लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जा. त्यासाठी लॅपटॉप चालू होतानाच एचपीवर बहुधा एफ१०, बाकी बऱ्याच कंपन्यांचं एफ२. तिथे एसएसडीचं नाव दिसलं तर प्रश्न ड्रायव्हरचा आहे, पुढे वाचा. बायोसलाही पत्ता नसेल, तर एसएसडी सैल झाली असेल किंवा खरोखरच गेली असेल. मग ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नका.

अजून एक गल्लत होते. अगदी सुरुवातीलाच 'मीडिया ड्रायव्हर' हवा अशी तक्रार आली, तर ती बहुतेक वेळा पेनड्राइव्हबद्दल असते, एसएसडीबद्दल नाही. पेनड्राइव्ह नव्याने बनवा, दुसऱ्या पोर्टात लावून पाहा. विंडोज ७ टाकत असाल तर यूएसबी ३ त्याला मुळात कळतच नाही, हेही ध्यानात ठेवा.

ड्रायव्हर आणायचा कुठून

दुसरा चालू संगणक लागेल. लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचं नेमकं मॉडेल टाका आणि स्टोरेज विभागात 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' शोधा. नावात 'एफ६' दिसलं तर तोच उचला. हे एफ६ विंडोज एक्सपीच्या काळातलं: तेव्हा सुरुवातीलाच एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. फ्लॉपी गेली, नाव राहिलं.

कंपनीच्या पानावर नसेल तर इंटेलच्या संकेतस्थळावर आहे. फक्त तो कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आहे ते नीट वाचा, कारण अकराव्या पिढीचा जुना ड्रायव्हर नव्या पिढीला चालेलच असं नाही.

सगळ्यात जास्त लोक पुढे अडकतात. इंटेलकडून 'सेटअप-आरएसटी' नावाची ईएक्सई फाइल येते, लोक ती तशीच पेनड्राइव्हवर टाकतात आणि इन्स्टॉलर म्हणतो, इथे काहीच नाही. त्याला ईएक्सई नको असते, तिच्या आतली आयएनएफ फाइल हवी असते. त्यासाठी चालू संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, फाइलचं नाव लिहा, जागा सोडून एक डॅश आणि त्याला चिकटून 'एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स' हे दोन इंग्रजी शब्द जोडून, मग पुन्हा जागा सोडून एखाद्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता. एंटर दाबलं की फोल्डर भरतो. त्यात 'व्हीएमडी' नावाचा फोल्डर असतो, आणि आत 'आयए-स्टोर-व्हीडी' नावाची आयएनएफ फाइल. तो अख्खा फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर कॉपी करा, वेगळा पेनड्राइव्ह नको.

लोड करा

पुन्हा बूट करून त्याच रिकाम्या यादीपाशी या. लोड ड्रायव्हर, मग ब्राउझ, मग तो व्हीएमडी फोल्डर. या हार्डवेअरला न जुळणारे ड्रायव्हर लपवण्याची खूण काढू नका. ती तशीच ठेवून एक नाव आलं तर तोच तुमचा. आमच्याकडे 'इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ४६७एफ' असं आलं. नेक्स्ट दाबलं, थोडा वेळ थांबलो, आणि एसएसडी सगळ्या पार्टिशनांसकट समोर. खूण ठेवून यादी कोरी राहिली तर ड्रायव्हर चुकीच्या पिढीचा आहे. खूण काढून भलताच ड्रायव्हर माथी मारण्यात अर्थ नाही.

बायोसमधून व्हीएमडी बंद केलं तर?

सगळे हाच शॉर्टकट सांगतात, आणि तो चालतोही. असूसमध्ये ॲडव्हान्स्डखाली व्हीएमडीची नोंद असते, डेलमध्ये स्टोरेजखाली 'रेड' (आरएआयडी) ऐवजी 'एएचसीआय' हा पर्याय निवडायचा. एसरची गंमत अशी की बऱ्याच मॉडेलवर मेन टॅबमध्ये कंट्रोल आणि एस दाबेपर्यंत हा पर्याय दिसतच नाही. काही लॅपटॉपवर तो नसतोच.

डिस्क पूर्ण पुसून नव्याने टाकणार असाल तर बंद करायला माझी हरकत नाही. पण जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हात लावू नका. ते व्हीएमडीच्या आधाराने उभं असतं. आधार काढला की निळा पडदा येतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, तेव्हा ती आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवा. नुसतं करून पाहिलं आणि निळा पडदा आला, तर बायोसमधलं सेटिंग पूर्ववत करा. विंडोज सहसा पुन्हा उठतं.

आमचं विंडोज अर्ध्या तासात बसलं आणि लगेच वायफायच दिसेना! त्याचाही ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकायला हवा होता. भाचीने तिचा अँड्रॉइड फोन केबलने लावला, यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू केलं, आणि उरलेले ड्रायव्हर विंडोज अपडेटने आपसूक आणले.