पेटीवरून पियानोवर येताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत पियानो बहुधा पेटीच्या मागून येतो. आजोबांची पेटी घरात असतेच. मुलं तिच्यावर आरत्या, भजनं बसवतात आणि मग कधीतरी कीबोर्ड घेऊन क्लासला येतात. कान तयार असतो, ही फार मोठी जमा. अडतं ते हातापाशी.

पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज भात्यावर ठरतो. पियानोत पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर ठरतो, कारण आत हातोडी तारेवर आपटते. हे हाताला माहीत नसलं की सगळे स्वर एकाच वजनाचे निघतात आणि चांगलं गाणंही सपाट वाटतं. एकच पट्टी पाच वेळा वाजवा, अगदी बारीक आवाजापासून मोठ्यापर्यंत. पाचही वेगळे ऐकू यायला हवेत. कीबोर्डवर फरकच पडत नसेल तर मुलाला रागवण्याआधी सेटिंगमधला 'टच' बंद तर नाही ना, ते बघा.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. तो इतकी वर्षं भाता मारत होता, बोटांचं काम त्याला नवीनच आहे. म्हणून मुलं उजव्या हातानं अख्खं गाणं बसवतात आणि डावा नंतर चिकटवायला जातात. तोवर उजवा इतका पळायला लागलेला असतो की डावा त्याला गाठूच शकत नाही. दोनच बार (स्वरलिपीत दोन उभ्या रेषांमधला तुकडा म्हणजे एक बार) घ्या. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही, मेट्रोनोम (लय धरून देणारं ठोक्यांचं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर. ते जमल्याशिवाय तिसऱ्या बारला हात लावायचा नाही.

अंगठ्याकडे जरा जास्तच लक्ष द्यावं लागतं. सी मेजरमध्ये, म्हणजे सी (पांढरी एक) हा सा धरून, उजव्या हाताची बोटं अशी (अंगठा १, करंगळी ५): १-२-३, १-२-३-४-५. म्हणजे सा-रे-ग झालं की मवर पुन्हा अंगठा. तो ऐनवेळी खेचला तर कोपर बाहेर फेकलं जातं आणि मवर धक्का बसतो. दुसरं बोट रे वाजवत असतानाच अंगठा तळव्याखाली सरकायला लागला पाहिजे. डावा हात चढताना उलट: ५-४-३-२-१ आणि मग तिसरं बोट अंगठ्यावरून पलीकडे. हेच सूत्र सगळीकडे लावू नका. एफ मेजरमध्ये (एफ हा सा धरून) उजव्या हाताचा चौथा स्वर काळ्या पट्टीवर येतो, म्हणून तिथे १-२-३-४ वाजवून मगच अंगठा.

गाणं काळी दोनमध्ये (दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून) हवं असलं की मुलं ट्रान्सपोझचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं, बटण दाबतात आणि वाजवतात मात्र पांढरी एकमध्येच. गणपतीच्या कार्यक्रमात ऐनवेळी गायकाची पट्टी बदलली तर ठीक आहे, चालवून घ्या. रोजच्या सरावात नको. काळ्या पट्ट्यांची ओळखच होत नाही.

आता सगळ्यांत मोठी चूक. बाराव्या बारात बोट अडखळतं, मूल "थांबा हं" म्हणतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. तासाभरात पहिले अकरा बार वीसदा होतात, बारावा मात्र तसाच कच्चा. वर आई म्हणते, "सर, घरी तर मस्त वाजवतो हो!" वाजवतोच, सुरुवात. अडलेला बार, त्याच्या आधीचा आणि नंतरचा, एवढंच कापून घ्या. सलग तीनदा बिनचूक आलं तरच मेट्रोनोम चारानं वाढवा. नवीन गाणं शेवटच्या चार ओळींपासून बसवून बघा, शेवट कधी डळमळत नाही. आणि रोज वीस मिनिटं बसलेलं मूल रविवारी एकदम दोन तास बसणाऱ्याच्या पुढे जातं, हे आईबाबांनीही लक्षात घ्यावं.

बसणं: कीबोर्ड पलंगावर ठेवून मांडी घालून वाजवू नका. स्टँड आणि खुर्ची घ्या, कोपर पट्ट्यांच्या पातळीवर हवं. नखं कापलेली हवीत, नाहीतर बोटं आडवी पडतात.

पेडल (पायानं दाबून सूर लांबवायची पट्टी) सुरुवातीला नकोच. पुढे वापराल तेव्हा नवा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजताक्षणी पाय वर आणि लगेच पुन्हा खाली. सगळं दाबून धरलं की सूर एकमेकांत कालवले जातात.

मनगट किंवा हात दुखायला लागला तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा. दुसऱ्या दिवशीही दुखलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग खुर्चीची उंची आणि बसण्याची पद्धत शिक्षकांकडून तपासून घ्या.