आर्क्टिक मंकीज ऐकायचे कसे: एका बेंजो पार्टीवाल्याची पद्धत

मी सांगलीचा. गणपतीत आणि वरातीत बेंजो पार्टीबरोबर ड्रम वाजवतो, एकोणीस वर्षं झाली. पार्टीतली नवी पोरं विचारतात, "दादा, तुमचा तो इंग्लंडचा आर्क्टिक मंकीज बँड कुठनं ऐकायला लागायचा? एक शब्द कळत नाही." त्यांना तोंडी सांगतो तेच इथं लिहितोय.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस आणि ड्रमचा पाय, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, त्यात येतच नाही. वायरचे साधे इयरफोन पुरतात.

सुरुवात २०१३ च्या 'एएम' अल्बममधल्या 'डू आय वॉना नो?'पासून करा. शब्दांच्या मागं लागू नका. गाणं ठेक्यानंच उघडतं: पाय, टाळी, पाय, टाळी. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि तो ठेका धरा. लय इतकी संथ आहे की हात पुढं पळतो, वरातीत वाजवणाऱ्याचा तर हमखास. त्याला आवरा. मग गिटार येते, ती त्या ठेक्यावर रेलून बसते. हात पळायचा थांबेपर्यंत हेच गाणं लावा, दुसरं नको. ड्रमर मॅट हेल्डर्स वाजवता वाजवता वरच्या पट्टीत कोरसही गातो. ड्रमवाल्यांनी हे घरी करून बघावं. गाताना डावा हात हलका पडतो, तिथं लक्ष ठेवा.

हात बसला की २००५ कडे मागं या. अ‍ॅलेक्स टर्नर आणि जेमी कुक शेफिल्डच्या हाय ग्रीन भागातले शेजारी. २००२ मध्ये दोस्तांना घेऊन त्यांनी बँड काढला. कार्यक्रमाला येणाऱ्यांना स्वतःच्या गाण्यांच्या सीड्या फुकट वाटायचे, त्या लोकांनीच इंटरनेटवर पसरवल्या. म्हणून 'आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर' आलं आणि थेट ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरला गेलं. जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला, तो एका आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर खपला. ते 'डान्सफ्लोर'वालं गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं. एकदा फक्त ड्रम ऐका, एकदा फक्त बेस.

आता शब्द. गाण्याचे बोल समोर ठेवून वाचा, पण शब्द अडला तर स्वतःच्या इंग्रजीला दोष देऊ नका. टर्नर शेफिल्डच्या बोलीत गातो. 'मार्डी बम' मधलं 'मार्डी' म्हणजे तोंड फुगवून बसलेलं माणूस. आपलं 'लका' पुण्याच्या पाहुण्याला समजावून सांगावं लागतं, तसंच ते. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' मध्ये तर अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या बँडवाल्याला तो खडसावतो, की बाबा तू शेजारच्या रॉदरहॅमचा आहेस. हे गाणं ऐकल्यापासून आमच्या गायकाला मी मुंबईची नक्कल करू देत नाही.

२००९ चा 'हम्बग' जड आहे, रात्री ऐका. २०१८ चा 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' पियानोवर चालतो. तो पहिल्या महिन्यात लावू नका, पोरं तिथंच सोडून देतात. मला तो आवडायला वर्ष लागलं, आता माझा सगळ्यात लाडका आहे.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं, 'अ सर्टन रोमान्स', मात्र राखून ठेवा. साडेपाच मिनिटं आहे, मध्येच बंद करू नका. त्यात टर्नर गावातल्या भांडखोर पोरांवर चिडतो, आणि मग म्हणतो की त्यातले काही माझे जुने दोस्त आहेत, त्यांच्यावर रागावणं जमत नाही. तिथून पुढं शब्द संपतात, नुसती गिटार. विसर्जनाच्या रात्री आमच्यातल्या दोघांची सुपारीच्या पैशांवरनं मारामारी झाली होती. पहाटे कृष्णेच्या घाटावर ड्रम टेम्पोत चढवून झाल्यावर एक इयरफोन माझ्या कानात, दुसरा त्यातल्या एकाच्या कानात घालून मी हे गाणं लावलं. गिटार सुरू झाली तसा तो उठला आणि दुसऱ्याला चहा घेऊन आला.