कर्करोगाच्या फॉलोअपला मुंबईस निघण्यापूर्वी

जुन्या स्कॅनची सीडी आधी पिशवीत टाका. पुढचं नंतर वाचा. रिपोर्टचा कागद नव्हे, सीडी. गेल्या खेपेला आमची रत्नागिरीत कपाटातच राहिली. आईच्या फुप्फुसात ठिपका दिसला, तो जुना की नवा हे ठरवायला रेडिऑलॉजिस्टपुढे काहीच नव्हतं, आणि नवा नाही हे कळेपर्यंत घरात कोणाला धड झोप नव्हती. बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग होता, आधीच्या स्कॅनमध्येही होता. आपल्याकडे असे डाग कितीतरी जणांच्या छातीत असतात. शेजारी जुनं चित्र असलं तर तिथल्या तिथे उलगडा होतो, नसलं तर आणखी एक स्कॅन.

आधार कार्ड, केस पेपर, औषधं, पैसे हे सांगायला नको.

स्कॅन हवाच आहे का, हे मात्र निघण्याआधी फोन करून विचारा. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले आणि काही त्रास नसेल, तर नेमाने लागते ती वर्षाची मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी. काही होत नसताना छातीचे फोटो, हाडांचा स्कॅन करत राहिल्याने माणूस जास्त जगत नाही, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या दोन अभ्यासांत दिसलं. मोठ्या आतड्याचं वेगळं: दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजनंतर काही वर्षं सीटी आणि सीईएची (आजार परतला का याचा अंदाज देणारी) रक्ततपासणी, ऑपरेशननंतर वर्षभराने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघणं. घशाच्या कर्करोगात किमो आणि शेक (रेडिएशन) एकत्र दिले असतील तर साधारण १२ आठवड्यांनी एक पेट स्कॅन (किरणोत्सारी इंजेक्शन देऊन काढतात तो), पुढे मुख्यतः डॉक्टरांनी बघणं, चाचपणं. मानेला शेक दिलाय ना? मग थायरॉईडही तपासायला हवं. ते विसरलं जातं. शेजारच्या वहिनींना पेट सांगितला म्हणून आपण मागायचा नाही, आणि आपल्याला सांगितलेला टाळायचाही नाही.

नवा खोकला, हाडाचं दुखणं, गाठ, उतरणारं वजन असेल तर तारखेची वाट बघू नका. कधीपासून ते लिहून न्या, कारण आई डॉक्टरांपुढे बसली की "बरी आहे" एवढंच म्हणते.

सीडी घेतलीत? मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही. आपल्या पावसात फिल्म एकमेकींना चिकटतात, सीडीवर बुरशी धरते, म्हणून जूनच्या आत सगळं पेनड्राईव्हवर उतरवून घ्या, आणि तरीही मूळ सीडी बरोबर न्या. एकच नव्हे, पहिल्या स्कॅनपासूनच्या सगळ्या. वर तारखा घाला.

रेल्वेची सवलत नुसत्या तपासणीसाठीही मिळते: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो, तेव्हा पुढच्या वेळचा याच वेळी मागा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात. सकाळचा पेट असेल तर रात्रीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशीच पोहोचा. पेटच्या त्या इंजेक्शनचं बळ ११० मिनिटांत निम्मं होतं, ते कोणासाठी थांबत नाही.

कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध सोडून काढायचा) सीटी असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो. डायबेटिसची गोळी घ्यायची की नाही ते आधीच विचारा. पेटला सहा तास पोटात फक्त पाणी, चहा नाही, पेजही नाही, आणि साखर २००च्या वर गेली तर बहुधा परत पाठवतात. आदल्या दिवशी जड काम नको. एमआरआय असेल तर पेसमेकर, अंगातली धातूची पट्टी, स्क्रू, सगळं सांगा.

पेटनंतर पाणी भरपूर, आणि नातवंडं, गरोदर बायका यांच्यापासून तो दिवस लांब. पुढची तारीख केस पेपरवर लिहून घ्या.