सामुराई आजच्या टोकियोत आणताना

काळप्रवासी सामुराईवर विनोदी मारधाडपट लिहायचा असेल, तर तो कोणत्या वर्षातून निघाला हे आधी ठरवावे. १८७६ च्या तलवारबंदीपूर्वीचा असल्यास कमरेला डाव्या बाजूस, धार वर ठेवून खोचलेल्या दोन तलवारी त्याला शोभतात. विनोद त्याच्या अडाणीपणातून नव्हे, शिष्टाचारातून काढावा: पाहुणा म्हणून बसताना तो लांब तलवार उजवीकडे ठेवतो, कारण तिथून ती झटकन उपसता येत नाही, आणि मेट्रोत नेमकी तिथेच शेजाऱ्याची मांडी असते. लढाया मात्र गंभीरपणेच बसवाव्यात. शिवाय आजच्या जपानात जुन्या तलवारीच्या नोंदणीचा दाखला प्रांताचे शिक्षण मंडळ देते (हे मी रचलेले नाही), त्यामुळे पोलिसाने तो मागितल्यावरची फजिती आयतीच हाती लागते.