झोप यावी म्हणून केल्या जाणाऱ्या चुका : या टाळा

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण झोपेचे निम्मे शास्त्र सांगून जाते. आपण जितका वेळ जागे असतो तितके मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, त्यासोबत झोपेची ओढ वाढते, आणि ती पुरेशी वाढली की धोंडाही उशीला चालतो. उरलेले निम्मे शास्त्र शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळाचे आहे. झुरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये या दोन्ही प्रक्रिया एकत्र मांडल्या. या दोहोंत ‘प्रयत्न’ नावाची गोष्ट कुठेच नाही. झोप आणता येत नाही, ती येऊ द्यावी लागते, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिला ओढून आणण्याच्या खटपटीतूनच होतात.

अंथरुणात वाट पाहणे

एक-दोन रात्री नीट झोप झाली नाही की माणूस भरपाई म्हणून नऊ वाजताच आडवा होतो, साडेअकरापर्यंत कूस बदलत राहतो, अडीच वाजता मोबाइल उचलून वेळ पाहतो आणि ‘आत्ता झोप लागली तरी साडेतीनच तास मिळतील’ असा हिशेब मांडतो. हिशेब मांडायचा तर मेंदूला जागे राहावेच लागते. असे महिनाभर चालले की पलंग, उशी आणि खोलीतला अंधार हेच जागरणाचे संकेत होऊन बसतात. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर पेंगणारा माणूस पलंगावर पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो याच कारणाने.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये यावर जो उपाय मांडला, तो ऐकायला उलटा वाटतो. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात जाऊ नये. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसावे आणि पेंग आली की परत यावे. सकाळी उठण्याची वेळ मात्र, रात्र कशीही गेली असली तरी, बदलू नये. घड्याळ भिंतीवर असेल तर ते काढून ठेवावे. दुपारची वामकुक्षीही या काळात बंद ठेवावी, कारण रात्रीसाठी साचलेली ओढ ती दुपारीच खर्च करते. पहिला आठवडा अतिशय जड जातो आणि बहुतेक जण नेमके तिथेच हा उपाय सोडून देतात. अंथरुणातला वेळ आखून देणे आणि झोपेविषयीची भीती कमी करणे यांची जोड देऊन तयार झालेली वर्तन-उपचाराची पद्धत प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर औषधांच्या आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली. ज्यांना अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार आहे, त्यांनी मात्र अंथरुणातला वेळ स्वतःच्या मनाने कमी करू नये. जागरणाने दोन्ही आजार उफाळू शकतात.

चहा-कॉफीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, कॅफीन अडेनोसिनला हटवत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसते, आणि पोटात गेलेले निम्मे कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाची कॉफी अकरा वाजताही कामावर असते.

‘एक घोट घेतला की छान झोप लागते’

झोप लवकर लागते हे खरे आहे, आणि म्हणूनच ही समजूत इतकी टिकून आहे. मेंदूला मंदावणाऱ्या यंत्रणेला मद्य बळ देते, रात्रीचा पहिला भाग जड गुंगीत जातो आणि स्वप्नांची झोप मागे ढकलली जाते. पुढे यकृत मद्य निस्तरत गेले की तोल उलट बाजूला जातो. तीनच्या सुमारास घसा कोरडा, छातीत धडधड, अंगाला घाम अशा अवस्थेत जाग येते आणि त्यानंतरची झोप तुकड्यातुकड्यांत, भडक स्वप्नांत संपते. मराठीत जिला साखरझोप म्हणतात, ती पहाटेची झोपच पिणाऱ्याच्या हातून जाते. घशाचे स्नायू सैल पडल्यामुळे घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे वाढते, ते वेगळेच.

याहून गंभीर चूक घरच्यांकडून होते. अनेक वर्षे रोज पिणारा माणूस एकाएकी पिणे थांबवतो, पहिल्या दिवशी हात थरथरतात, झोप उडते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात, घरातली माणसे ओळखू येत नाहीत, वेळेचे भान सुटते. घरचे म्हणतात, याला बाहेरची बाधा झाली, किंवा याचे डोके फिरले, आणि त्याला खोलीत कोंडतात. हा मद्य तुटल्याने मेंदूत उठलेला क्षोभ असतो, त्यात फिटचे झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला त्याच क्षणी रुग्णालयात नेले पाहिजे. ही एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल, असे मला मनापासून वाटते.

गोळी आणि तिचा खोटा पुरावा

माझ्या वडिलांना एका शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांसाठी लिहून दिलेली अल्प्राझोलामची झोपेची गोळी त्यांनी नऊ वर्षे घेतली. चष्म्याच्या घरात ती स्ट्रिप आणि दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा असे. रात्री साडेनऊला ते गोळीचे दोन भाग करत, एक घेत आणि दुसरा चांदीच्या कागदात गुंडाळून परत ठेवत. एका दिवाळीत गावी जाताना चष्म्याचे घर मागे राहिले. दोन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तिसऱ्या दिवशी चहाचा कप बशीवर खडखडू लागला, आणि ते म्हणाले, ‘बघा, मला गोळीशिवाय झोप येतच नाही.’

त्यांचे निरीक्षण बरोबर होते, निष्कर्ष चुकीचा होता. अल्प्राझोलामसारख्या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या रोज घेतल्या की मेंदू त्यांना सरावतो, आणि त्या अचानक थांबवल्या की मूळच्या निद्रानाशाहूनही वाईट रात्री येतात. त्या रात्री गोळी तुटल्याच्या असतात. माणसाची स्वतःची झोप कशी आहे, हे त्यांवरून काहीच ठरत नाही. म्हणून अशी गोळी एकदम बंद करणे ही चूक आहे, कारण त्यात झटक्यांचाही धोका असतो, आणि जुन्या चिठ्ठीवर ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे हीही चूकच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवणे हा मार्ग आहे. वडिलांना त्यासाठी पाच महिने लागले. गोळी आणि मद्य एकत्र घेऊ नये, कारण दोन्ही श्वास मंदावतात. झोल्पिडेम ही झोपेची दुसरी गोळी घेणारे काही जण झोपेतच उठून चालल्याचे, स्वयंपाक केल्याचे किंवा गाडी चालवल्याचे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. असे एकदा जरी घडले, तरी ती गोळी पुन्हा न घेता डॉक्टरांना कळवावे.

गांजा नियमित ओढणाऱ्यांची स्वप्नांची झोप अनेकदा दबलेली असते. तो सोडल्यावर काही दिवस किंवा आठवडे स्वप्ने इतकी ठळक आणि विचित्र होतात की माणूस घाबरून पुन्हा त्याकडे वळतो. दबलेली झोप परत येत असल्याची ती खूण आहे, आणि ती ओसरते.

स्वप्नांचा चुकीचा अर्थ

पहाटेची स्वप्ने खरी होतात, असे आजीपासून सगळे सांगत आले आहेत. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप नोंदवली, आणि ठळक स्वप्ने मुख्यतः याच झोपेत पडतात. साधारण दर दीड तासाने ती येते आणि पहाटेकडे तिचा काळ लांबत जातो. पहाटे स्वप्ने अधिक पडतात, जागही त्यांच्यातूनच येते, म्हणून ती लक्षात राहतात. त्यांना भविष्य ठाऊक असण्याचा याच्याशी संबंध नाही. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही दुसरी म्हण मला अधिक विश्वासार्ह वाटते. तेच ते भीतीचे स्वप्न वारंवार पडत असेल, तर दिवसा त्याचा शेवट आपल्या मनाजोगा बदलून लिहावा आणि रोज काही मिनिटे ती नवी आवृत्ती डोळ्यांसमोर आणावी. या सरावाने अनेकांची दुःस्वप्ने कमी होतात.

जाग आली आहे, खोली दिसते आहे, पण हात हलत नाही आणि छातीवर कोणीतरी बसले आहे, हा अनुभव सांगणारे आजही आधी मांत्रिकाकडे जातात. स्वप्नांच्या झोपेत आपण स्वप्नातल्यासारखे धावू नये म्हणून मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि तो सैलपणा काही सेकंद किंवा मिनिटे मागे रेंगाळतो. त्या वेळी धडपड केली की भीती वाढते. श्वास चालूच असतो. त्याकडे लक्ष द्यावे आणि एकच बोट हलवून पाहावे. जागरण टाळले आणि कुशीवर झोपले की हे प्रसंग बहुधा कमी होतात.

याच्या उलट प्रकार मात्र अंगावर काढू नये. पन्नाशीनंतर एखादा माणूस पहाटेच्या सुमारास झोपेत ओरडू, ठोसे मारू, लाथा झाडू लागला, तर त्याचे स्नायू स्वप्नात सैल पडत नाहीत, असा अर्थ असू शकतो. मिनेसोटातील डॉक्टरांनी हा विकार १९८६ मध्ये वर्णन केला, आणि पुढे अनेक वर्षांनी येणाऱ्या पार्किन्सनच्या आजाराशी त्याचा संबंध असल्याचे नंतर दिसून आले. ‘दिवसभराचा राग काढतो आहे’ असे म्हणून सोडून न देता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, तोपर्यंत पलंगाशेजारचे टोकदार सामान हलवावे, आणि तपासणीला जाताना पत्नीला किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे, कारण काय घडले हे त्यांनी पाहिलेले असते. रुग्णाला आठवते ते फक्त कोणीतरी पाठलाग करत असल्याचे स्वप्न.