लक्झरी गाडीचा ईसीएम आणि चावीचं मॉड्युल बदलताय? आधी या चुका टाळा

यंदाच्या सीझनला माझ्याकडे टो होऊन आलेल्या बीएमडब्ल्यू-मर्सिडीजपैकी बऱ्याच गाड्यांचा मूळ बिघाड छोटाच होता, मोठा केला तो मॉड्युल, म्हणजे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा चावी ओळखणारा डबा, घाईत बदलणाऱ्यांनी. आपल्या जळगाव-धुळ्याकडे या गाड्या आता गावोगाव दिसतात, शोरूम मात्र लांब, म्हणून काम आपल्याच पोरांच्या हातात येतं आणि ते यावंच, पण भाऊ, नीट शिकून करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना डबा न वाचता, म्हणजे त्यातला डेटा लॅपटॉपवर न घेता, काढून टाकणं. रावेरकडच्या एका केळीवाल्या दादांची ई९० बॉडीची बीएमडब्ल्यू ३२० डी होती. पावसाळ्यात काचेखालच्या खोलगट जागेत पाला साचून ड्रेन चोक झाला आणि ईसीएमच्या कप्प्यात पाणी शिरलं, गाडी बंद. तिथल्या इलेक्ट्रिशियनने मुंबईहून जुन्या गाडीचा ईसीएम मागवून बसवला. सेल्फ फिरायचा पण गाडी स्टार्ट होईना. इथेच थांबून विचार करायला पाहिजे होता, कारण या गाडीत सेल्फ कॅस मॉड्युल, म्हणजे चावी ओळखणारा डबा, सोडतं, म्हणजे सेल्फ फिरतोय याचा अर्थ कॅसने चावी ओळखली आहे. पुढे कॅस आणि ईसीएम एकमेकांना एक गुप्त नंबर विचारतात, त्याला आयएसएन म्हणतात, तो जुळला नाही की ईसीएम डिझेलच सोडत नाही. दुसऱ्या गाडीचा ईसीएम दुसऱ्या गाडीचाच आयएसएन घेऊन आला होता, बस एवढंच. पण त्या भावाने ठरवलं की कॅसपण गेलं आणि तेही जुनं आणून लावलं. आता दादांची चावीच ओळखेना, सेल्फपण बंद, शिवाय स्कॅनरवर दुसऱ्याच गाडीचा चेसिस नंबर आणि किलोमीटर दिसायला लागले, कारण ते कॅसमध्येही साठवलेले असतात.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी स्कॅनर लावायच्या आधी एकच विचारलं, जुनं कॅस कुठे आहे? जुना ईसीएम बदलीत परत गेलेला आणि कॅस भंगारात. दोन दिवस शोधलं, शेवटी भंगारवाल्याच्या गोणीत तांब्याच्या वायरींखाली सापडलं, वरचं प्लास्टिक तुटलेलं पण बोर्ड चांगला. टेबलावर जोडून वाचलं, आयएसएन निघाला, तो आणलेल्या ईसीएममध्ये लिहिला, मूळ कॅस परत लावलं आणि दादांच्या स्वतःच्या चावीने पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. ते सापडलं नसतं तर चेसिस नंबरवर नवीन कॅस आणि नव्या चाव्या कंपनीकडून मागवायच्या, त्याचा खर्च आणि वाट बघणं दोन्ही त्या माणसाच्या अंगावर, तेही केळी कापणीच्या दिवसांत.

म्हणून माझी सवय सांगतो. मॉड्युल हातात आलं की आधी स्टिकरचा फोटो. मग दोनदा रीड, दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या तरच पुढचं काम, नाहीतर तिसऱ्यांदा. फाइलला गाडीचा नंबर आणि तारीख, एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक वेगळ्या ठिकाणी. आणि जुना डबा, जळालेला असला तरी, पिशवीत घालून मालकाच्या हातात देतो.

दुसरी चूक व्होल्टेजची, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते कारण ही निव्वळ आळसाची आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, बॅटऱ्या लवकर मरतात, आणि पोरं तशाच मरतुकड्या बॅटरीवर इग्निशन चालू ठेवून फ्लॅशिंग करतात, म्हणजे मॉड्युलमध्ये प्रोग्राम लिहितात. या गाड्या नुसत्या इग्निशनवर भरपूर करंट ओढतात, अर्ध्यात व्होल्टेज पडलं की लिहिणं तुटतं आणि चांगलं मॉड्युल मरतं. साधा चार्जर लावून भागत नाही, त्याचा सप्लाय स्थिर नसतो. प्रोग्रामिंगचा पॉवर सप्लाय घ्या, निदान ५० अँपिअरचा, आणि काम संपेपर्यंत १३ व्होल्टच्या खाली येऊ देऊ नका. लाइट कधी जाईल याचा आपल्याकडे भरवसा नाही, म्हणून मी सप्लाय मोठ्या इन्व्हर्टरवर घेतो आणि गाडीला दुसरी चांगली बॅटरी जोडून ठेवतो. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद, अपडेट बंद, आणि तेवढा वेळ फोन उचलायचा नाही, कोणाचाही असो.

डब्ल्यू २०४ मर्सिडीजमध्ये चावी घातली, फिरत नाही, डॅशबोर्ड काळा, की लगेच चावीचं मॉड्युल मागवतात. आधी कान लावा. चावी आत गेल्यावर स्टेअरिंग लॉकच्या मोटरचा घर्र आवाज येत नसेल तर पहिला संशय त्या लॉकवर घ्या, तिथे त्याची मोटर जाणं नेहमीचं आहे.

कपलर (वायरींचा जोड) सारखा दिसतो म्हणून मॉड्युल घेऊ नका, पार्ट नंबर जुळवा.

ईसीएम बाद ठरवायच्या आधी फ्यूज, रिले, अर्थिंग आणि उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग बघा, शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीत तर हमखास बघा.

एफ३० बॉडीच्या बीएमडब्ल्यूमध्ये चावीचं काम फेम मॉड्युल करतं, त्याला चावी लावायची तर बहुतेक टूल आधी फेम फ्लॅश करतात. त्यातली ईप्रॉम (डेटा साठवणारी) चिप आधी वाचून ठेवल्याशिवाय स्क्रीनवरचं बटण दाबू नका. व्हिडिओत दहा मिनिटांत झालं म्हणून आपणही दहा मिनिटांत करू असं म्हणणाऱ्या पोराला मी सहा महिने फक्त वाचायला लावतो, लिहायला नाही.

आणि आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय मी चावी बनवत नाही. "भाऊ, गाडी मित्राची शे" म्हणणारा असला तर मित्राला घेऊन ये म्हणतो, मग तो कितीही घाईत असो.